सूर्याचा चतकोर

आमच्या घरात देवांपेक्षा जास्त जपलं जायचं ते आईच्या डोळ्यांना. देव्हाऱ्यातल्या समईत तेल कमी पडलं तर चालायचं, पण आई जिथे बसायची त्या खिडकीतला उजेड कुणी अडवला तर बाबा खेकसायचे. टोपी बाजाराच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. त्यांच्यावर छत, म्हणजे गच्ची, आणि छताच्या कोपऱ्यात एक बरसाती, एवढीशी खोली. आई सराफ्यातल्या दुकानांसाठी मणी ओवायची. काळ्या पोती, मंगळसूत्रं, कधी एखाद्या जुन्या घरातला सच्च्या मोत्यांचा तन्मणी. पायाच्या अंगठ्याला रेशमी दोरा अडकवून ती तो ताणून धरायची आणि केसाएवढ्या तारेच्या सुईने एकेक मणी उचलायची. मणी थाळीत घरंगळायचे त्याचा एक बारीक आवाज असायचा, पाऊस लांबवर पडावा तसा. शाळेतून जिना चढताना तो ऐकू आला की मला कळायचं, आज सगळं ठीक आहे. तो नसला की उरलेल्या पायऱ्या मी धावत चढायचे. आज हे लिहिताना माझी आई शेजारच्या खोलीत झोपलेली आहे आणि तिथून काहीच आवाज येत नाही. एवढ्यात मी दोनदा उठून बघून आलेय.

या भीतीला कारण होतं. आईची आई पन्नाशीच्या आतच आंधळी झाली होती. तो काचबिंदू होता. ग्वाल्हेरमध्ये त्याला काला मोतिया म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली करतात. आईला वाटायचं, ते आपल्यालाही येणार, फक्त कधी ते माहीत नाही. म्हणून ती रोज पहाटे त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवायची. कांदा मी चिरायचा, फोडणी मी द्यायची, मिरच्यांची ठसक उठली की तिने गॅलरीत जायचं. बाबा बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे राहायचे. आमचे पणजोबा शिंद्यांच्या फौजेत होते असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि रात्री दाराची कडी तीन वेळा तपासायचे. इतका भित्रा बंदूकवाला मी दुसरा पाहिला नाही. मला जवळ बसवून ते म्हणायचे, ‘‘बेटा, माझ्या पगारात चूल पेटते. पण तुझं कॉलेज आईच्या डोळ्यांवर चाललंय, हे ध्यानात ठेव.’’ मी ध्यानात ठेवलं होतं. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ही गोष्ट मी आयुष्यभर लोकांना सांगत आलेय, न विचारताही सांगत आलेय, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी इंदरगंजच्या चौकातल्या एका सायबर कॅफेत दुपारी दोन-तीन तास बसायचे. लोकांचे बायोडाटा टाइप करून द्यायचे, रिझल्ट काढून द्यायचे. गिऱ्हाईक नसलं की इंटरनेट माझं. तिथे मी वाचलं की साध्या वेबकॅमने ग्रहताऱ्यांचे फोटो काढता येतात. त्याची पुढची बारकी काच पिळून काढून टाकायची, आणि वेबकॅम दुर्बिणीत डोळा लावायच्या जागी बसवायचा. मग फोटो नाही, व्हिडिओ घ्यायचा. त्यातली शेकडो चित्रं कंप्युटर एकावर एक रचतो, हललेली टाकून देतो, आणि एक स्वच्छ चित्र तयार होतं. मला हे फार आवडलं. शेकडो धूसर चित्रांमधून एक खरं चित्र. दुर्बीण माझ्याकडे होती. मेळ्यातून बाबांनी हौसेने आणलेली, पाय लटपटणारी, पण आत खरी काच असलेली. कॅफेच्या मालकाने एक डोळ्यासारखा गोल, टाकाऊ वेबकॅम देऊन टाकला. आणि कॅमेऱ्याच्या रोलची काळी प्लॅस्टिकची डबी असते ना, तिचं बूड कापलं की ती दुर्बिणीच्या नळीत अशी नेमकी बसते, जणू तिच्यासाठीच केली आहे. फोटो स्टुडिओवाल्याने मूठभर डब्या दिल्या. ‘‘ले जाओ बिटिया, अब रोल कौन भरवाता है,’’ म्हणाला.

पहिलं चित्र आलं ते किल्ल्याच्या तटाचं. उलटं. भिंत वर आणि आकाश खाली. कॅफेने मोडीत काढलेला जुना कंप्युटर बाबांनी बरसातीत ठेवून दिला होता. त्याच्यापुढे दुर्बीण, आणि उजेडात पडदा दिसावा म्हणून माझ्या डोक्यावरून मॉनिटरपर्यंत ओढलेली रजई. शेजारच्या छतावर शर्मा चाची वड्या वाळत घालत होत्या. त्या ओरडल्या, ‘‘काए मोड़ी, जे तोप किसपे तान रखी है? किला फतह करेगी?’’ आई म्हणाली, ‘‘फतह कसली, कोंबडी बसलीय अंड्यावर.’’ दोघी खूप हसल्या. मी रजईत घामाघूम होऊन तटाचे दगड मोजत होते.

आता कुणीही विचारेल, चंद्र का नाही, शनीची कडी का नाहीत? तर अंधार पडल्यावर मुलीने छतावर जायचं नाही, असा आमच्या घरचा नियम होता. आमच्याच नाही, गल्लीतल्या सगळ्याच घरांचा. आजूबाजूच्या छतांवर पोरं असायची, कुणी शिट्टी मारली तर बोट माझ्याकडे उठलं असतं. बाबा म्हणाले, ‘‘शनी तिथेच राहील बेटा. तुझं नाव गेलं की परत येणार नाही.’’ मी वाद घातला नाही. दिवसा दिसणारा तारा एकच आहे. मी तो घेतला.

सूर्याकडे दुर्बीण वळवायची म्हणजे पुढून खास पन्नी, ऊन गाळणारी काळी फिल्म, लावावी लागते, हे मी दहा ठिकाणी वाचून, घाबरून, पाठ करून ठेवलं होतं. ग्रहणाच्या वेळी कॉलेजात वाटलेल्या कागदी चष्म्यांची पन्नी होती. ती दुर्बिणीच्या तोंडाला पुरेना. मग तिळाच्या गजकच्या डब्याच्या पुठ्ठ्याचं घट्ट झाकण केलं, त्यात मधोमध लहान भोक पाडलं आणि त्यावर पन्नी दुहेरी चिकटवली. नळीच्या पाठीवर नेम धरायला एक छोटी दुर्बीण असते, तिची दोन्ही तोंडं चिकटपट्टी गुंडाळून बंद केली. नेम सावली बघून धरायचा. नळीची सावली लहानात लहान झाली की समजायचं, सूर्य समोर आहे. हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. एकदा नाही, रोज. ‘‘आई, हे झाकण म्हणजे जीव आहे. आणि नळीला डोळा लावायचा नाही. कधीच नाही. बघायचं ते पडद्यावर.’’

आईला ते पटलं नाही, पण ती भांडलीही नाही. ती रोज आंघोळ झाली की तांब्यातून पाणी सोडत सूर्याला अर्घ्य द्यायची, आणि त्या पडणाऱ्या पाण्यातून त्याच्याकडे बघायची. लग्नाआधीपासून. ‘‘मी रोज बघते गं त्याला,’’ ती म्हणायची. ‘‘मला काय करणारे तो? माझे डोळे त्यानेच ठेवलेत.’’ हे ती अगदी मनापासून म्हणायची. त्रिफळा, अर्घ्य आणि काजळ, या तीन गोष्टींनी काला मोतिया दाराबाहेर थांबलाय, अशी तिची खात्री होती. पडद्यावर थरथरणारा पिवळा तुकडा मी तिला दाखवला तेव्हा तिने हात जोडले नाहीत. ‘‘हा टीव्हीवरचा,’’ म्हणाली. ‘‘आणि आख्खा कुठे आहे? हा तर चतकोर.’’ खरंच होतं. वेबकॅमच्या एवढ्याशा डोळ्यात आख्खा सूर्य मावत नसे. एका बाजूची कड आणि थोडं पोट, चतकोर भाकरीसारखं. कड सारखी हलायची, दूध उतू जायच्या आधी हलतं तशी.

त्या थंडीत कोहरा हटेना. कित्येक दिवस गल्ली पांढरी होती, टेंपोवाले दिवसा दिवे लावून हॉर्न वाजवत जायचे. रथसप्तमीच्या सकाळी मात्र धूप निघाली, लख्ख ऊन पडलं. आईने छतावर पाट मांडून रक्तचंदनाने सूर्य काढला होता. गोवऱ्या पेटवल्या, त्यावर दुधाचं बोळकं ठेवलं. दूध पूर्वेकडे उतू गेलं, म्हणजे वर्ष चांगलं. ती आनंदात होती. संध्याकाळी शेवटचं हळदीकुंकू होतं, तिळगुळाच्या वड्या ताटात थापून ठेवल्या होत्या. मी तेवढ्या वेळात दोन-तीन व्हिडिओ घेतले. पहिल्यात सूर्याचा कोरा भाग आला, काहीच नाही. मग नळी बोटभर सरकवली आणि पडद्यावर दोन डाग आले. एक मोठा, एक त्याच्या मागे लहान, जणू आई आणि तिचा पदर धरून चाललेलं पोर. मी रजईतून ओरडले. आई आली, वाकली, बघितलं. ‘‘सूर्याला डाग?’’ ती म्हणाली. तिला ते अजिबात आवडलं नाही. ‘‘तुझ्या काचेवरचे असतील. नाहीतर त्या पुठ्ठ्याचे.’’

तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस कोकलायला लागला. माझ्याकडे कंप्युटर नीट बंद करायला थोडीच मिनिटं होती. व्हिडिओ जतन केले, बंद केला, पडदा काळा झाला. खालून बाबांनी हाक मारली, सिलेंडरवाला आला होता. मी जिना उतरले. आज माझ्या शाळेतल्या मुलांना मी पहिला धडा हाच देते, की नळीपासून दोन पावलं हलायचं असेल तर आधी तिचं तोंड भिंतीकडे वळवा. मुलं हसतात. त्यांना वाटतं बाईंना काहीतरी खूळ आहे.

सिलेंडर आत घेऊन मी वर गेले तर जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. आई पाटाजवळ बसून निखाऱ्यांवर पाणी शिंपडत होती. दुर्बिणीचं तोंड उघडं होतं. माझं पुठ्ठ्याचं झाकण पूजेच्या तबकात नीट ठेवलेलं होतं आणि त्याच्या पन्नीवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. मी धावले, नळी फिरवली. सूर्य तोवर थोडा सरकला होता, त्यामुळे वेबकॅमचा डोळा वाचला होता आणि डबीची कड वितळली होती. हे बघायला मला एक क्षण लागला असेल. दुसऱ्या क्षणी माझी नजर छोट्या दुर्बिणीवर गेली. तिच्यावरची चिकटपट्टी नव्हती. ती तबकाच्या काठाला चिकटवून ठेवलेली होती. आईला काही टाकून द्यायची सवयच नव्हती.

‘‘आई, झाकण कुणी काढलं?’’

‘‘मी काढलं. पडद्यावर तो दिसेना म्हणून. म्हटलं, सणाचा दिवस, देवाचं तोंड बांधून ठेवायचं का? झाकून ठेवलेल्या देवाचं दर्शन घेतात का कुणी?’’

‘‘आणि ही पट्टी?’’

आई पाणी शिंपडत राहिली. निखारे चर्र चर्र करत होते. ‘‘ती निघाली हाताबरोबर.’’

‘‘तू बघितलंस का त्यातून?’’

‘‘नाही गं बाई. काही नाही बघितलं. चल, खाली वड्या पाडायच्यात.’’

सूर्याने डोळा जळतो तेव्हा दुखत नाही. हे मी वाचलं होतं आणि त्या घरात हे फक्त मला माहीत होतं. पाणी येत नाही, आग होत नाही, लाल होत नाही. आतल्या पडद्याला दुखणं कळतच नाही. काही तास सगळं ठीक असतं आणि मग हळूहळू कळतं. म्हणजे आईने बघितलं असेल तर तिला स्वतःलाही अजून ठाऊक नव्हतं. मी तिच्या पावलांकडे बघत तिच्यामागे जिना उतरले. ती पायऱ्या नेहमीसारख्या उतरली. वड्या पाडल्या, सुरीची रेघ सरळ आली. मी त्या रेघेकडे बघत बसले. बाबांनी विचारलं, ‘‘काय गं, तबियत बरी नाही का?’’ मी मान हलवली. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, असं मला वाटलं. माणूस घाबरला की शिकलेलं सगळं बाजूला राहतं. मग मीही आईसारखीच.

संध्याकाळी बायका आल्या. शिर्के काकू, शर्मा चाची, गल्लीतल्या आणखी चार-पाच. आई एकेकीला हळद लावायची, मग कुंकू. मी तिळगुळाचं ताट घेऊन तिच्या शेजारी उभी. पहिलीचं कुंकू बरोबर मधोमध. दुसरीचं बरोबर. माझा श्वास जरा सुटला. मग शिर्के काकू पुढे आल्या, आईने बोट उचललं, आणि ते बोट हवेत थोडं थांबलं. तिने डोकं जरासं तिरकं केलं. कुंकू डाव्या भुवईच्या वर लागलं.

‘‘अगं, कुंकू लावतेस की नजर उतरवतेस?’’ काकू म्हणाल्या. सगळ्या हसल्या. शर्मा चाचींनी पदराने पुसून दिलं, ‘‘दिन भर की थकी है बेचारी.’’ आईही हसली. पण पुढच्या प्रत्येक बाईच्या कपाळाला तिने आधी डाव्या हाताने स्पर्श केला, जागा धरली, आणि मग कुंकू लावलं. मी ताट खाली ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मण्यांचा आवाज आला नाही. आई खिडकीत बसली होती. अंगठ्याला दोरा होता, थाळीत काळे मणी होते आणि हात मांडीवर होते. मी समोर जाऊन बसले. तिने डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

‘‘वैशू, तुझं नाक दिसत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘कान दिसतायत, वेणी दिसतेय. मध्ये डाग आहे. तू काल पडद्यावर दाखवलास ना, तसाच. मी जिकडे बघते तिकडे तो जातो.’’

मी रडले. ती रडली नाही. ती फक्त म्हणाली, ‘‘पाण्यातून तर रोज बघते. कधी काही केलं नाही त्याने.’’ ती असं बोलत होती, जणू घरच्याच माणसाने हात उगारला आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे बाबा बँकेच्या वर्दीतच आले. बाहेर बाकावर बसले आणि टोपी हातात फिरवत राहिले. औषध टाकून बाहुल्या मोठ्या केलेल्या आईला भिंतीचा आधार घेऊन चालावं लागत होतं. डॉक्टरांनी दिवा लावून बराच वेळ बघितलं. ‘‘सीधे हाथ की आँख में बीचोंबीच जला है,’’ ते म्हणाले. ‘‘दवा इसकी कोई नहीं. तीन-चार महीने में भर भी सकता है, नहीं भी. इंतज़ार कीजिए.’’ आईने एकच प्रश्न विचारला, हा काला मोतिया आहे का. डॉक्टर नाही म्हणाले. तिने सुटकेचा श्वास सोडला. उघड्या दारातून तो श्वास ऐकून बाबा बाहेर उठून उभे राहिले, त्यांना वाटलं सगळं ठीक झालं.

मी कॉलेजला जाणं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाशी बोललेही नाही. आईच्या जागी खिडकीत बसले, अंगठ्याला दोरा अडकवला आणि सुई हातात घेतली. मला काम येत होतं, लहानपणापासून बघितलेलं. पण दोरा दिवसभर ताणून अंगठा सुजायचा आणि गाठी सैल पडायच्या. आई शेजारी बसून बोटांनी गाठ चाचपायची, आणि नुसतं ‘‘उसव,’’ म्हणायची. परीक्षा जवळ येत होती. रात्री अंथरुणावर मला दोन चित्रं दिसायची. एकात आई आजीसारखी भिंत धरून चालतेय. दुसऱ्यात त्याच खिडकीत मी बसलेय, केस पांढरे झालेत, आणि अंगठ्याला दोरा. मला दोन्हींची सारखीच भीती वाटायची. लोकांना वाटतं, अशा वेळी माणूस फक्त आईचा विचार करतो. मी दोन्हींचा करत होते.

एके दिवशी मी बरसातीत जाऊन त्या सकाळचे व्हिडिओ उघडले. चित्रं एकावर एक रचली. सूर्याचा चतकोर निघाला, त्यावर ते दोन डाग, इतके स्वच्छ की मोठ्याच्या भोवतीची करडी झालरसुद्धा दिसत होती. माझा पहिला फोटो. तो मी कॅफेत कागदावर छापला, आणि आईपुढे धरला. तिने डावा डोळा झाकला. ‘‘किती डाग दिसतात?’’ मी विचारलं.

‘‘तीन.’’

दोन सूर्याचे आणि एक तिचा. तेव्हापासून हा आमचा रोजचा पाठ झाला. त्रिफळ्याने डोळे धुतले की ती खिडकीत बसायची, मी फोटो धरायचे. ‘‘किती?’’ ‘‘तीन.’’ बाबा दाराआड उभे राहून ऐकायचे, आणि ‘‘तीन’’ ऐकलं की जिना उतरून ड्यूटीवर जायचे. परीक्षेला काही आठवडे उरले असताना एका सकाळी ती म्हणाली, ‘‘दोन.’’

बाबा आत आले. ‘‘काय म्हणालीस?’’

‘‘दोन. तो तिसरा पुसट झालाय. आता दोनच.’’

मला विश्वास ठेवायचा होता, आणि म्हणूनच ठेवता येईना. दोन डाग आहेत हे तिला पाठ झालं असणार, ती न बघता सांगत असणार. मी सायन्सची विद्यार्थिनी. बरसातीत जाऊन त्या सकाळचा पहिला व्हिडिओ काढला, तो कोऱ्या सूर्याचा, ज्यात एकही डाग नव्हता. तो छापून आणला. दुसऱ्या दिवशी काही न बोलता तोच पुढे धरला. ‘‘किती?’’ आईने तळहात डाव्या डोळ्यावर घट्ट दाबला. फार वेळ बघितलं. बाहेर टेंपो गेला, शर्मा चाचींच्या कुकरची शिट्टी झाली.

‘‘आज एकही नाही,’’ ती म्हणाली. ‘‘कुणी पुसले?’’

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, ‘‘ऊठ माझ्या जागेवरून. गाठी कशा घातल्यात बघ, गिऱ्हाईक तोंडावर फेकेल. जा तुझ्या कॉलेजला.’’ दुपारी जिन्यात मण्यांचा आवाज आला. मी परीक्षा दिली आणि पास झाले. निकालाच्या दिवशी बाबांनी बँकेत पेढे वाटले, बंदूक खांद्यावर तशीच ठेवून.

आई त्यानंतर वीस वर्षं मणी ओवत होती. फक्त एक झालं. ती खिडकीच्या दुसऱ्या बाजूला बसायला लागली, आणि मान जरा तिरकी ठेवून काम करायची. मान आखडते म्हणायची. बाबा तेल लावून द्यायचे. ते गेले तेव्हाही त्यांच्या लेखी आईचे दोन्ही डोळे शाबूत होते.

मागच्या थंडीत तिला मोतीबिंदूसाठी घेऊन गेले. साधा, पांढरा, वयाचा. नवीन डॉक्टर, अगदी तरुण. मशीनवर हनुवटी ठेवून तिने आईच्या डोळ्याचा आतला फोटो काढला आणि पडदा माझ्याकडे वळवला. काळ्या-करड्या रेघांच्या मधोमध एक बारीक खड्डा. ‘‘माताजी, ये निशान तो बरसों पुराना है. इस आँख से आपको बीच में कभी दिखा ही नहीं होगा.’’ मी त्या पडद्याकडे बघत राहिले. मग आईकडे. ती हनुवटीची पट्टी रुमालाने पुसत होती.

रिक्षात मी विचारलं, ‘‘आई, कोरा सूर्य तू ओळखलास कसा?’’

‘‘त्यात काय ओळखायचं?’’ ती म्हणाली. ‘‘सूर्याचे डाग जागेवर राहतात. माझा नजरेबरोबर फिरतो. तो कोणता ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो सोडून सांगायचे.’’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘तू त्या खिडकीत बसली होतीस, वैशू. मला डागाची तेवढी भीती नव्हती वाटत.’’

यंदाच्या रथसप्तमीला मी तिला हात धरून छतावर नेलं. किल्ल्यावर ऊन आलं होतं. पाट मांडला, गोवऱ्या पेटवल्या, बोळकं ठेवलं. तिने अर्घ्य दिलं, डोळे मिटून. माझ्या खोलीत तो जुना फोटो अजून आहे, कागद पिवळा झालाय. मी तो आणला, तिच्यापुढे धरला आणि तिच्या डाव्या डोळ्यावर माझा तळहात ठेवला.

‘‘किती, आई?’’

तिने बराच वेळ बघितलं. बोळक्यातलं दूध वर येत होतं.

‘‘तीन,’’ ती म्हणाली, आणि दूध उतू गेलं, चर्र करत, निखाऱ्यांवर.